भरपोशाख आहेर

३ मार्च, लातूर

पोचले एकदाची! मुखेडहून सकाळच्या एसटीनं निघाले, अहमदपूरला भजे खाल्ले आणि ऊन तापायच्या आत लातुरात उतरले. आईनं पिशवी अशी गच्च भरून दिली होती की कंडक्टर म्हणाला, ताई, ह्या पिशवीचं अर्धं तिकीट काढा. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, जुन्या लुगड्याची गोधडी आणि चार नवे कुर्ते. मला नोकरी लागल्याचं कळल्यापासून तिची मशीन थांबलीच नव्हती.

चारही कुर्त्यांच्या गळपट्टीत आतल्या बाजूनं निळ्या दोऱ्याचा एक टाका आहे. लहानपणापासून माझ्या प्रत्येक कपड्यात तो असतो. अर्ध्या मुखेडचे कपडे आईच्या हाताखालून जातात, त्यात लेकीचा कोणता हे बोटाला कळावं म्हणून ही खूण. लहानपणी मी आठवडी बाजारात हरवले होते. तेव्हा आईनं म्हणे एका पोरीची गळपट्टी मागून उलटून बघितली, निळा टाका दिसला आणि मगच तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं. ही गोष्ट सुमनबाई, म्हणजे आमच्या मातोश्री, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. तोंडावरून काय, कुणीबी वळखंल, मी टाक्यावरून वळखते, असा त्यांचा तोरा.

खोली औसा रोडच्या आतल्या गल्लीत आहे, लक्ष्मम्मा काकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर. काकू निलंग्याकडच्या, बोलण्यात मधूनच कन्नड येतं. कुठल्या क्लासला आलीस, असं त्यांनी विचारलं. लातुरात पोरगी पिशवी घेऊन आली म्हणजे डॉक्टर व्हायलाच आली, असं इथं धरूनच चालतात. मी सांगितलं, क्लास नाही काकू, कॉम्प्युटरवर खेळ खेळायची नोकरी आहे. काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. खेळायचा पगार देत्यात व्हय गं अव्वा, म्हणाल्या, मग आमच्या नातवाला चिकटव की, त्यो तर फुकटच खेळून राहिला.

घराचा नियम एकच, चपला जिन्याखाली काढायच्या. झोप मस्त लागणार आज.

४ मार्च

कामाची जागा म्हणजे बंद पडलेल्या एका क्लासचा हॉल. बाकं काढून कॉम्प्युटर मांडले आहेत, पण भिंतीवर हुशार पोरापोरींचे फोटो तसेच आहेत. आमच्याकडे बघून बिचारे अजून हसतात.

आमचे सर महांतेश. उदगीरचे, कपाळावर विभूती, हातात कायम चहा. त्यांनी समजावलं ते असं. ह्या खेळात जगभरची माणसं एकाच वेळी शिरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि ही पात्रं टोळ्या करून राक्षस मारत फिरतात. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, इथं सगळे नुसतं ‘गड’ म्हणतात. ज्यांना हौस आहे पण वेळ नाही असे मोठ्या शहरातले लोक आपलं पात्र आमच्याकडे सोपवतात. आम्ही त्याला चांगला गिअर मिळवून द्यायचा. गिअर म्हणजे अंगावरचं सगळं, जोडे, झूल, हातमोजे, चिलखत, शिरस्त्राण. तो जमला की साहेब येऊन बसणार, आयत्या बिळावर नागोबा.

गिअरचा विषय निघाला की सरांचा कीर्तनकार होतो. म्हणाले, तू किती हुशारीनं खेळतीस ते इथं कुणी इचारत न्हाई. गडाचा पहारेकरी तुझ्या गिअरचा आकडा बघतो. आकडा मोठा तर आत, न्हाई तर बाहेर. टोळीवालेबी तेच बघतात. आत माणूस कोण हाय, हाय का न्हाई, कुणाला काय पडलंय? मला हसूच आलं. आई मशीनवर बसून आयुष्यभर हेच सांगत आली आहे, एक नूर आदमी, दस नूर कपडा.

शिकण्यासाठी प्रत्येकाला स्वतःचं एक पात्र करायला लावतात. शेजारी बसणारी रेणुका औशाची आहे, तिच्या पात्राचं नाव रणचंडी. मी आपलं पंचशीलाच ठेवलं. उंची माझी, वेणी माझी, रंगही माझाच. रेणुका म्हणाली, बाई, इथं तरी दुसरं कुणी हो की. नव्या पात्राच्या अंगावर नुसता राखाडी झगा असतो. अशांना इथं ‘उघडे’ म्हणतात आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

७ मार्च

सकाळी काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला, हिरवी मिरची भरपूर. त्या झणक्यातच कामाला बसले.

गडाच्या दाराबाहेर, तटाकडे तोंड करून एक उघडी उभी असते. राखाडी झगा, पाय अनवाणी, डोक्यावर नाव नाही. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर नाव तरंगतं, हिच्या नाही. रेणुका म्हणाली की ती पहिल्यापासून तिथंच आहे, कुणीतरी खेळ सोडून गेलेलं असणार. मला उगीच वाईट वाटलं. मी तिच्याजवळ जाऊन ‘जय भीम’ लिहिलं. तेवढ्यानंच देवघेवीची चौकट उघडली.

ह्या चौकटीला दोन बाजू असतात. एका बाजूला समोरचा देतो ते दिसतं, दुसऱ्या बाजूला आपण देतो ते, आणि खाली दोन शब्द लिहायला जागा. तिच्या बाजूला आले जोडे. काय जोडे! काळे, सोनेरी काठाचे. रेणुका खुर्चीवरून उठली. असे जोडे महिनोन्‌महिने राक्षस मारले तरी मिळत नाहीत म्हणे.

पण माझी बाजू रिकामी. आमच्याकडे कुणी आहेर केला तर तो नाकारायचा नाही, देणाऱ्याच्या समोरच अंगाला लावायचा आणि त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. घरी त्या वेळी द्यायला काही नसलं तर आई हात जोडून जे म्हणते, तेच मी लिहिलं : आमच्याकडं द्यायला काही न्हाई बाई, आवडंल ते घ्या, घर तुमचंच आहे. रेणुका खो खो हसली. चोरटे, फसवे, शिव्या देणारे सगळे बघितले, म्हणाली, पण खेळात पाहुणचार करणारी तू पहिलीच.

जोडे मी त्या उघडीसमोरच घातले. मग चौकटीत एक शब्द उमटला.

बरं.

८ मार्च

जिन्याखालून माझ्या चपला गेल्या. आईनं तुटलेला बंद लाल दोऱ्यानं शिवून दिला होता, अशा चपला कोण नेतो? काकूंनी गल्लीतल्या पोरांना कन्नडमध्ये मनसोक्त शिव्या घातल्या. मला एकही कळली नाही, पण बरं वाटलं. अनवाणीच गंजगोलाईच्या बाजारात जाऊन नवा जोड घेतला.

१३ मार्च

आज झूल मिळाली. त्याच उघडीकडून. आहेर कसला, पाऊस आहे! झूल पाठीवर घेतल्याबरोबर माझ्या गिअरचा आकडा इतका चढला की पहारेकऱ्यानं मला कमरेत वाकून वाट दिली. खरं सांगते, छातीत काहीतरी फुललं. मुखेडच्या स्टँडवर मला कधी कुणी सरकून जागा दिली नाही.

तिच्या पायात आज काहीतरी होतं. ती तटाकडे तोंड करून असते म्हणून नीट दिसलं नाही. तपकिरी रंगाचं.

संध्याकाळी दोरीवर वाळत घातलेली ओढणी गेलेली. चिमटे तसेच दोरीला होते.

१८ मार्च

हातमोजे. सर स्वतः येऊन मागं उभे राहिले. त्यांना आता माझं पात्र मोठ्या मोहिमेत न्यायचंय. म्हणाले, पंचशीला, तू लई नशिबाची पोरगी हायस, आम्ही इथं हाडं झिजवून राहिलो आणि तुला बसल्या जागी भरपोशाख चाललाय.

गडात शिरले की अनोळखी लोक आता मला मुजरा करतात, आपल्या टोळीत या म्हणून मागं लागतात. हॉलमधली पोरंही मला ताई म्हणायला लागली. मजा येते आहे, लपवायचं कशाला?

पण दादांचं, माझ्या वडलांचं, घड्याळ सापडत नाही. दादा गेले तेव्हा आईनं त्यांच्या हातातून काढून माझ्या हातात घातलेलं. दुपारी डबा धुताना काढून टेबलावर ठेवलं होतं. रेणुकाला विचारलं तर तिला राग आला. आलाच पाहिजे, विचारण्याची पद्धतच चुकली माझी. माफी मागितली, रडलेही थोडी. घड्याळ नाहीच.

२३ मार्च

हे सावकाश लिहिते, म्हणजे मलाही नीट दिसेल.

दुपारी चिलखत मिळालं. मी घातलं. मग सवयीनं हात जोडल्याचं चिन्ह केलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा वळली.

पायात माझ्या चपला आहेत. डाव्या बंदाला लाल दोरा. अंगावर ओढणी, कडेला आईनं केलेला पिको. हातात दादांचं घड्याळ. आणि राखाडी झग्याच्या जागी निळा कुर्ता, त्याच्या खिशाचं कापड जरा वेगळ्या छटेचं आहे, कारण आईला मूळ कापड पुरलं नव्हतं. तो कुर्ता सकाळी मी खोलीत घडी करून ठेवून आले होते.

मी रेणुकाला बोलावलं. मला वाटलं तिला दिसणारच नाही. तिला सगळं दिसलं. हसून म्हणाली, अय्या, तुझ्यासारखीच दिसून राहिली की! हा कपडा कुठं मिळाला हिला? गडात असा कपडाच न्हाई. मी सरांना बोलावलं. सरांनी नुसता तिचा आकडा बघितला आणि म्हणाले, हिचाबी वाढून राहिला.

खोलीत येऊन बघितलं. कुर्ता नाही. एक नव्हे, आईनं दिलेल्या चारांतले अंगावरचा सोडून सगळे गेलेत.

२४ मार्च

मी अंघोळीला गेले तेवढ्यात अंगावरचा कुर्ताही खुंटीवरून गेला. काकूंचा झंपर-परकर मागून घेतला आणि बाजारातून एक तयार कुर्ता आणला. गळपट्टीला कंपनीची चिठ्ठी. सारखी टोचते.

काकूंना म्हणाले, वर कोण आलं होतं? काकू म्हणाल्या, कोण येतंय बा, तूच तर आत्ता निळा कुर्ता घालून वर गेलीस, मी हाक मारली तर वळलीबी न्हाईस.

मला भीती वाटते आहे. स्पष्टच लिहिते, फार भीती वाटते आहे.

२५ मार्च

सगळं परत करायचं ठरवलं. देवघेवीची चौकट उघडून जोडे, झूल, हातमोजे, चिलखत एकेक माझ्या बाजूला ठेवायला गेले. ठेवताच येईना. रेणुकानं सांगितलं की एकदा अंगावर चढवलेला गिअर त्या पात्राला बांधला जातो, तो कुणाला देता येत नाही, देणाऱ्यालाही नाही. नुसता काढता येतो. मी सगळा काढला. माझं पात्र राखाडी झग्यात उभं राहिलं. तिच्या अंगावरचं मात्र काहीच उतरलं नाही.

मी लिहिलं, आमचं आम्हाला परत द्या. चौकटीत माझंच जुनं वाक्य वर आलं. आवडंल ते घ्या, घर तुमचंच आहे. त्याखाली तिनं शिरस्त्राण ठेवलं, तोंडावर जाळी असलेलं. मी हात मागं घेतला. नाही म्हणजे नाही. आयुष्यात पहिल्यांदा आहेर नाकारत होते.

सर मागंच उभे होते. आगं असलं शिरस्त्राण सोडतीस व्हय, येडी का खुळी, म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनीच बटण दाबलं. काढलेला सगळा गिअरही परत चढवला आणि शिरस्त्राण वर घातलं. त्यांना माझं भलंच करायचं होतं. भरपोशाख झाला बघ, म्हणाले. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

जाळीमागं माझ्या पात्राचा चेहरा दिसेना.

२६ मार्च

फोन चेहरा बघून उघडतो. आज उघडला नाही. पुसून बघितला, उजेडात धरला. हा चेहरा जुळत नाही, एवढंच सांगत राहिला. शेवटी आकडे टाकून उघडला.

आरशात मी मीच आहे. मला तरी तसंच वाटतं.

२८ मार्च

गळ्यातलं ओळखपत्र गेलं. दारावरचा रखवालदार आत सोडेना. रोज मला नमस्कार करणारा माणूस. कार्ड दाखवा म्हणाला. रेणुका आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की नवीन भरती सोमवारी असते.

मी तिला तिच्या लहान भावाचं नाव सांगितलं, तिच्या डब्यातली भाजी सांगितली. ती घाबरून आत गेली.

काचेतून बघितलं. माझ्या खुर्चीवर निळा कुर्ता होता. पाठ माझ्याकडे. वेणी.

१ एप्रिल

गंजगोलाईजवळ एका दुकानात तासावर कॉम्प्युटर मिळतो. गडात गेले. पहारेकरी वाकला. लोक मुजरे करतात. आकडा सगळ्यांत मोठा. पण माझ्या पात्राच्या डोक्यावर नाव नाही.

ती अजून तटाजवळ होती. तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, पंचशीला.

तिच्याकडे जायला पाऊल उचलवेना. तोंड आपोआप तटाकडे वळतं.

६ एप्रिल

काकूंनी खोलीला कुलूप लावलं. बाहेरच्या बाईला ठेवत न्हाई, म्हणाल्या, आमची पोरगी वर ऱ्हाती. माझी रोजनिशी आणि पेन्सिल पिशवीत होती म्हणून वाचली.

आईला फोन केला. आवाज बसला व्हय गं, म्हणाली. तिला माझा आवाज ओळखू आला! तिथंच रस्त्यावर रडले. ती म्हणाली की जयंतीला पांढरा कुर्ता शिवून ठेवलाय, पार्सल करणार न्हाई, घरी ये, माझ्या हातानं घालते. मी सांगायला गेले की आई, कुणी माझे कपडे घालून आलं तर दार उघडू नको. ती म्हणाली, ऊन लागलं तुला, कांदा ठेव डोक्याला.

पैसे संपलेत. भाड्यापुरते जमले की निघते. बसस्थानकाच्या हॉटेलात भांडी घासते आहे.

११ एप्रिल

गड. तटाजवळची जागा रिकामी.

माझ्यासाठी चौकट उघडी ठेवून गेली आहे. तिच्या बाजूला काही नाही. खाली एक ओळ.

घरी निघाले.

१२ एप्रिल

फोन केला. आईनं उचलला. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हणाले, आई, मी. ती म्हणाली, बाई, चुकीचा लंबर लागला, माझी लेक माझ्यासमोर बसून भाकरी खाऊन राहिली.

मागून माझं हसणं ऐकू आलं.

१३ एप्रिल, एसटीत

जांब गेलं. पुढं मुखेड.

एक गोष्ट तिनं नेलेली नाही. अक्षर. आईच्या गिऱ्हाइकांची मापं मीच लिहायचे, शाळेत होते तेव्हापासून. तुझा ‘ळ’ सुईच्या नेढ्यासारखा, म्हणायची. टाका चोरता येतो. चेहरा चोरता येतो. पण ही रोजनिशी मी आईच्या हातात देईन. ती वाचेल. अक्षर बघेल आणि तिला कळेल.

कळेलच.

१३ एप्रिल, मुखेड

विहाराच्या कट्ट्यावर. समोर आमचं दार. गल्लीभर निळ्या पताका, पोरं झेंडे बांधून राहिलीत —

हाक मारली. आई बाहेर आली. कुणाकडं आलीस बाई, म्हणाली. मी म्हणाले, मी पंचशीला. ती हसली, आमच्या पोरीचंबी तेच नाव हाय.

म्हणाले, माझी गळपट्टी उलटून बघ. वेडी समजून का होईना, बघितली तिनं. तिची बोटं माझ्या मानेला लागली — किती दिवसांनी. कंपनीची चिठ्ठी. टाका नाही.

मागून ती आली. पांढरा कुर्ता. आईनं तिची गळपट्टी सारखी केली. बोट आतून फिरवलं. माझ्यादेखत.

मग मी म्हणाले, माझं अक्षर बघ, एवढं एकच. आईचा चेहरा जरा — थांबली ती. म्हणाली, बस कट्ट्यावर, चष्मा घेऊन येते.

येईल. ‘ळ’ बघेल. म्हणून नीट अक्षरात लिहिते आहे.

आली. डोळ्यांवर चष्मा. आणि हातात घडी — माझा शाळेतला जुना कुर्ता. आत निळा टाका असणार —

म्हणते, आधी हे घे. सणाच्या तोंडावर अशा फाटक्या कपड्यात नको. माझ्यासमोर घाल, मला बरं वाटंल.

घेतला. आईनं दिलेला कसा नाकारू — डोक्यावरून घातला — आणि तिच्याच शिकवणीनं हात जोडले गेले, तोंडातून आपोआप — द्यायला काही न्हाई बाई, आवडंल ते —

नको. नको —

दारातून माझाच आवाज. बरं.

आई रोजनिशीकडे वाकून बघते आहे — आई लवकर वाच — बोटं ऐकेनात — ही ओळ वेगळीच — ‘ळ’ असा नव्हता माझा — आई, वरचं वाच, वरचं माझं, हे खालचं अक्ष